ठरावातील सुरवंट

रविवार, २८ जुलै

आज विहारात जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो, कारण उद्यापासून प्रत्येक जण ते वेगळ्या क्रमाने सांगेल.

वर्षावास सुरू होऊन आठवडा झाला. आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालेल आणि त्याच्या पाळ्या लावणे हे समितीचा सचिव या नात्याने माझे काम आहे. मी पुढच्या ओसरीवर पाळ्यांचा कागद चिकटवीत होतो. माझी मुलगी संघमित्रा हिचा मुलांचा वर्ग मागच्या अंगणात, देशी बदामाच्या सावलीत भरला होता. तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. सिंधुताईंची नात तारा उजवा डोळा चोळत होती. डोळा सुजला होता, हातावर लाल चट्टे उठले होते. बदामासमोरच शेवगा आहे आणि त्याचे खोड केसाळ सुरवंटांनी इतके भरले होते की साल दिसत नव्हती. कारण शोधण्याची गरज कोणालाच भासली नाही.

सिंधुताई विहाराला लागूनच राहतात. त्या धावत आल्या आणि संघमित्राला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पोट्टी शिकाले धाडली होती का आंधळी कराले?"

संघमित्रा ओला रुमाल ताराच्या डोळ्यावर धरून उभी राहिली. सुपेल्याच्या बाजारातील डॉक्टरांनी डोळा शाबूत असल्याचे सांगितले, थेंब दिले.

संघमित्रा रायपूरच्या सासरहून कायमची परत आली, त्याला आता दुसरे वर्ष चालू आहे. त्याविषयी मी लिहीत नाही. या वर्गाखेरीज ती घराबाहेर पडत नाही, एवढेच नोंदवतो.

मंगळवार, ३० जुलै

समितीची तातडीची बैठक झाली. प्रथेप्रमाणे आधी त्रिसरण-पंचशील. त्यानंतर लगेच अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, "घासलेटचा पलिता करा अन् जाळून टाका सारे. माह्या बापानं दरसाल असंच केलं."

प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिले शील आम्ही सर्वांनी हात जोडून नुकतेच उच्चारले होते. शेवटी मागून कोणीतरी म्हणाले, "आपण कायले जाळाचं? एखाद्या मजुराले सांगू. त्यानं थोडंच शील घेतलं हाय?"

हशा झाला. दुसऱ्याच्या हातून करविणे हे स्वतः करण्यासारखेच होय, असे मी निदर्शनास आणले. सिंधुताई म्हणाल्या, "मंग आता अळ्याईले वंदना शिकवा, सर. पुढच्या ओळीत बसवा."

पेच खरा होता. मी एक मसुदा वाचून दाखवला: विहाराच्या आवारात सुरवंटांचा प्रादुर्भाव असल्याने मुलांचा वर्ग आश्विन पौर्णिमेपर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे. तोपर्यंत सुरवंट आपोआप नाहीसे होतात, त्यामुळे कोणाचा जीव जाणार नाही आणि कोणाचा डोळाही. ठराव एकमताने संमत झाला. भैय्याजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याले म्हणतेत बी.कॉम.!"

घरी आल्यावर संघमित्राला सांगितले. हिंदी शाळेत शिकल्यामुळे ती घरातही हिंदीच बोलते. तिने विचारले, "आश्विन पौर्णिमा कब है?" मी तारीख सांगितली. "ठीक है, बाबा," म्हणाली आणि आत गेली. आक्षेप घेतला नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट

दिवसभर अहिवाऱ्यात. आमच्या मालकाचे ट्रक तेथील चुनखडी वाहतात आणि महिन्याच्या आरंभी मला तेथे जाऊन पावत्या ताडून पाहाव्या लागतात. पांढरी धूळ घशात बसली आहे. पाठ दुखते. चौपन्नाव्या वर्षी हे काम अंगावर येते.

संघमित्रा जेवायला बाहेर आली नाही. माझी पत्नी नूतन ताट आत घेऊन गेली. विचारले तर म्हणाली, "पोटात दुखून राह्यलं तिच्या." पोटदुखीची गोळी घरात होती, ती काढून दिली. नूतनने माझ्याकडे पाहिले आणि गोळी पुन्हा डब्यात टाकली. गोळीची मुदत मी तपासली, संपलेली नव्हती.

रविवार, ४ ऑगस्ट

सकाळी विहाराच्या दारावर वर्ग स्थगित असल्याची सूचना लावली. काही मुले तरीही आली. त्यांनी सूचना वाचली, माझ्याकडे पाहिले आणि चपला फरफटत परत गेली. एकाने विचारले, "मैडम बीमार हैं क्या?" मी म्हणालो, नाही; ठराव आहे.

सूचना लावून झाल्यावर मागे गेलो. शेवग्यावरचे सुरवंट दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून बसतात. करडे, लांब पांढुरके केस, किळस येते. परंतु कुंपणालगतच्या चांदणीच्या, म्हणजे तगरीच्या, झुडपावर एक वेगळीच अळी दिसली. बोटाएवढी जाड, हिरवीगार. अंगावर एकही केस नाही. डोक्यामागे दोन निळे डोळे रंगविल्यासारखे, शेपटाकडे लहानसे शिंग. मी मागे सरकलो. मग विचार आला की ठरावात केवळ 'सुरवंट' असे म्हटले आहे. ही अळी त्यात येते काय? आणि हिच्यापासून अपाय होत नसेल तर? ज्या वस्तूची मला ओळख नाही तिच्यावर मी ठराव लिहिला आणि सही केली. कार्यालयात एखाद्या कनिष्ठाने असे केले असते तर मी कागद परत पाठवला असता.

जेवताना हे नूतनला सांगितले. तिने वरणाची वाटी जरा जोरात ठेवली.

"तुमाले अळीचं पडलं हाय?"

"ठराव सदोष आहे, एवढेच माझे म्हणणे आहे."

"वर्गाचा दिवस असला का ते पोट्टी पाच वाजतापासून उठून बसे. आज आंघोळ नाई केली अजून. त्याच्यावर लिहा काई ठराव."

संघमित्राची खोली बंद होती. तिने ऐकले की नाही, माहीत नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

ती शिंगवाली अळी आणि चांदणीच्या डहाळ्या काचेच्या बरणीत घालून घरी आणल्या. काय निघते ते पाहिल्यावाचून निर्णय देणे योग्य नाही. तळाशी पांढरा कागद घातला आहे, तो रोज बदलतो. हिचा एक मोठा पतंग होतो आणि तो वेगाने उडतो, असे मोबाईलवर वाचायला मिळाले. सर्व इंग्रजीत. मराठी नाव सापडले नाही. आपल्याकडे जे दारापुढच्या फुलझाडावर दरसाल येते त्याला आपण नाव दिलेले नाही, हे विचित्र आहे.

नूतन म्हणाली, "घरात आता हेच पोसाचं राह्यलं होतं!" तरीही बरणीवर बांधायला जुन्या साडीचा तुकडा तिनेच दिला.

शनिवार, १० ऑगस्ट

कोणती अळी अपाय करते, याविषयी पुस्तकी माहितीत एकवाक्यता नाही. आमच्या व्यवसायात माल कागदावर बघून चालत नाही, गोदामात जाऊन हात लावावा लागतो. त्याप्रमाणे आज कार्यालयास जाण्यापूर्वी डाव्या हाताची बाही वर केली आणि घरूनच आरंभ केला.

शिंगवालीला बरणीतून काढून दंडापर्यंत चालू दिले. काहीही झाले नाही. पाय गार आणि किंचित चिकट लागतात, एवढेच. मग विहारात थांबून शेवग्यावरचा एक केसाळ सुरवंट काडीने उचलून मनगटाजवळ ठेवला. थोड्या वेळाने खाज, मग बारीक पुरळ. त्रास होतो, परंतु डोळा बंद होण्याइतका नाही.

दिवसभर बाहीचे बटण लावून बसलो. मालकाने विचारले, "साहब, इतनी गरमी में?" संध्याकाळी नूतनने हात पाहिला. कपाळावर हात मारून घेतला, पण खोबरेल तेल आणून दिले.

मंगळवार, १३ ऑगस्ट

शिंगवाली अळी आजारी आहे. कालपासून पानाला तोंड लावत नाही. तिचा हिरवा रंग गेला. पाठ मातकट, काळपट झाली आहे. बरणीच्या तळाशी सारखी चकरा मारते. मी तिला उचलून पानावर ठेवतो; ती उतरते. अधिक कोवळी पाने आणली. बरणी धुतली, पुसली, कोरा कागद घातला. पुन्हा पानावर ठेवले, पुन्हा उतरली. संध्याकाळी कार्यालयातून आल्यावरही हेच. मी काय चुकतो आहे ते लक्षात येईना.

"बाबा, कब से परेशान कर रहे हो उसको."

संघमित्रा दारात उभी होती. केस विंचरलेले नव्हते. किती वेळ उभी होती ते ठाऊक नाही.

"ती काहीच खात नाही," मी म्हणालो.

"नहीं खाना है उसको. खा चुकी जितना खाना था. आप उठा-उठा के वहीं बिठा देते हो."

"मग तिला काय हवे?"

"मिट्टी. नीचे जाना है उसको, अकेले. फिर जो बनना है बनेगी." तिने मोबाईल पुढे केला. त्यावर तसेच लिहिले होते. तिने ते कधी शोधून काढले, हे मी विचारले नाही.

कोरफडीच्या कुंडीतली माती तिने ओंजळीने आणली. माती घातल्यास बरणी खराब होईल आणि कागद काढावा लागेल, असे मी म्हणालो. "तो निकालो," ती म्हणाली. मातीवर वाळकी पाने टाकली. अळी थोडी थांबली आणि पानांखाली शिरली. आम्ही दोघे पाहत राहिलो.

त्यानंतर तिने स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून सकाळचे गार पोहे खाल्ले. पोटदुखी थांबली असावी.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला संघमित्रा आपणहून माझ्याबरोबर विहारात आली. वाचनासाठी ओसरीवर जो दिवा लावतात त्याच्या भोवतीच्या भिंतीवर सकाळीही पतंग बसलेले असतात. मी ही भिंत इतकी वर्षे पाहतो आहे. ते डाग आहेत असे मला वाटत होते. एक हुबेहूब वाळक्या पानासारखा, मधली शीरसुद्धा काढलेली. एक पांढरा, काठाला नारिंगी. एक काळा, पंखांत पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे. गांधीलमाशी समजून मी दूर झालो. दोन मोठे पिवळट होते. ते शेवग्यावरच्या केसाळांचे पुढचे रूप असावे, असे संघमित्रा म्हणाली. इतक्या किळसवाण्या वस्तूचे इतके साधे, झोपाळू रूप होते.

मी प्रत्येकाचे वर्णन तोंडाने बोलून तिला मोबाईलमध्ये लिहायला सांगत होतो. ती हसू लागली.

"बाबा, सुनो अपना. वर्णन: तपकिरी. शेरा: पुन्हा तपकिरी."

"दुसरा तपकिरी अधिक फिकट आहे."

"हाँ, वो भी लिखा है. 'तपकिरी, परंतु खात्रीने नाही.'"

भैय्याजी झेंड्याची दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "सर, भिंतीची तपासणी चालू हाय का? पुढं छताची करा, गळून राह्यलं." संघमित्रा त्यावरही हसली. फार दिवसांनी थकवा कमी वाटला. हवामानाचा परिणाम असावा.

रविवार, १८ ऑगस्ट

वही न धरता एकाच हाताने लिहितो आहे, कारण डावा हात उशीवर ठेवावा लागला आहे.

आज बदामाची तपासणी राहिली होती, ती केली. संघमित्राही बरोबर होती. एका पानाच्या खालच्या बाजूला काही अळ्या ओळीने बसल्या होत्या. आखूड, गुबगुबीत, पोपटी रंगाच्या, पाठीवर मधोमध निळसर पट्टा. पाय दिसतच नाहीत, गोगलगाईसारख्या सरकतात. कडेला बारीक काटेरी झुपके होते, परंतु रंग इतका सुबक की मी या निरुपद्रवी असणार असे गृहीत धरले. बाही केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून वर केली.

विजेचा धक्का बसावा तसे झाले. मी ओरडलो, असे संघमित्रा म्हणते. मला ओरडल्याचे आठवत नाही. खांद्यापर्यंत आग होत गेली आणि मी ओसरीच्या पायरीवर बसलो. तिने कोणाकडूनतरी चिकटपट्टी आणली आणि कातडीवर लावून ओढून काढू लागली, म्हणजे मोडलेले काटे निघतात.

सिंधुताई आवाज ऐकून आल्या. "सर, हे काय करून राह्यले? वय काय तुमचं? नातवंडं खेळवाचं वय अन् अळ्या अंगावर खेळवता!"

त्यांच्यामागून तारा आली. तिचा डोळा आता पूर्ण बरा आहे. माझ्या हातावरचे चट्टे तिने वाकून पाहिले.

"दादाजी, आपने भी वो हरा वाला छुआ?"

संघमित्राचा हात थांबला. "तूने कौन-सा छुआ था, तारा?"

"यही. पत्ते के पीछे था. गुदगुदा दिख रहा था."

"अवं, तू शेवग्याले हात नवता लावला?" सिंधुताईंनी विचारले.

तारा आजीकडे पाहतच राहिली. "वो गंदे वाले को कौन छुएगा?"

डोळ्याचे थेंब आणले, बैठक झाली, शीलाची चर्चा झाली, ठराव झाला. ज्या मुलीला इजा झाली तिला मात्र काय लागले, हे कोणी विचारले नव्हते. मीही नाही. ती समोरच होती.

सिंधुताई संघमित्राशेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आन थे पट्टी. मी धरतो हात, तू वढ."

सोमवार, १९ ऑगस्ट

रजा. ताप. डॉक्टरांनी सुई दिली आणि हे कसे झाले असे विचारले. संघमित्राने उत्तर दिले, "ऑडिट कर रहे थे." डॉक्टर हसले. मला हसू आले नाही, परंतु उत्तर वस्तुतः चुकीचे नव्हते.

मंगळवार, २७ ऑगस्ट

पतंग निघाला. मी पाहिला नाही. मालकाने आज पुन्हा अहिवाऱ्याला पाठवले आणि येताना रेल्वे फाटकापाशी बस अडकून पडली. घरी पोचलो तेव्हा अंधार पडत होता आणि बरणी रिकामी होती. पुढील मजकूर ऐकीव माहितीवरून आहे.

तो मातीतून वर आला, काडीवर चढला आणि ओले पंख लोंबत ठेवून बसला. ते हळूहळू भरले. हिरव्यावर पांढरट, गुलाबी नक्षी. नूतन सांगत होती, "नव्या नवरीच्या शालूवानी," आणि एकदम थांबली. संघमित्राकडे पाहू लागली.

"बोलो ना आई," संघमित्रा म्हणाली. "मर नहीं जाऊँगी मैं शालू सुनके."

नूतनने पदर तोंडाला लावला आणि दोघीही हसायला लागल्या, थांबेचनात. कारण मला कळले नाही. गच्चीवर नेऊन त्यांनी तो सोडला. माझ्यासाठी थांबता आले असते. मोबाईलमधील छायाचित्र दाखवले, ते हललेले आहे.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

आज बैठक होती. वर्ग पुन्हा सुरू करावा असा प्रस्ताव मी मांडला. शेवग्यावरच्या सुरवंटांनी खाज सुटते, परंतु त्यांना कोणी हात लावत नाही. चांदणीवरची अळी भीतिदायक दिसते आणि काहीही करत नाही. अपाय झाला तो बदामावरच्या पोपटी अळीने, आणि आपण वर्ग बदामाखालीच भरवत होतो. तो पुढच्या ओसरीवर हलवला आणि पोपटी अळ्या पानासकट काढून रेल्वे लाइनीकडच्या पडीक जागेतल्या बदामावर सोडल्या, तर शीलालाही बाध येत नाही. पुरावा म्हणून हात दाखवला. मागच्या रांगेतले लोक उठून बघायला आले.

भैय्याजींनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे सारं बराबर हाय, सर. तुमच्या शब्दावर कोनाचा आक्षेप नाई. पण ठराव तुमीच केला. आता तुमीच बदलवून राह्यले. लोक म्हणतीन, सरांनं पोरीसाठी बदलवला."

हे अनपेक्षित होते. ठराव मांडताना संघमित्रा माझी मुलगी आहे, ही बाब माझ्या मनात एकदाही आली नव्हती, याचे मला तेथे उभे असताना आश्चर्य वाटले. आता मात्र तेवढीच बाब समोर होती आणि ती नाकारता येईना. लोकांचे म्हणणे खोटे ठरवायला माझ्याजवळ काहीही नव्हते. ज्याचा संबंध आहे त्याने मत देऊ नये, हा नियम मीच या समितीत आणला. मी म्हणालो, "आक्षेप योग्य आहे. मी प्रस्ताव मागे घेतो." आणि बसलो.

पंखा फिरत होता. भैय्याजींनी पुढचा विषय काढला, छताच्या गळतीचा.

"थांबा, भैय्याजी." सिंधुताई उठल्या होत्या. "पोरगी सरांची असन. डोळा माह्या नातीचा होता. त्या दिवशी साऱ्यात जास्त मीच बोलली, मास्तरीणबाईले नाई नाई ते बोलली. मंग आज कावून चूप राहू? सर मागं घेतेत तर मी पुढं करतो. लिहा माह्यं नाव."

"अवं ताई, पण पुन्हा कोनाले काई झालं तं?"

"झालं तं मले विचारा. तुमच्या दारात नाई येत रडाले."

कोणीतरी टाळी वाजवली. भैय्याजींनी मिशीवर हात फिरवला आणि एक अट घातली: दर रविवारी वर्गापूर्वी आवाराची तपासणी व्हावी आणि तिची जबाबदारी सचिवावर असावी. मी मतदानात भाग घेतला नाही. प्रस्ताव संमत झाला. आठवड्यातला एकुलता एक सुटीचा दिवस यात गेला, हे घरी येताना सुपेल्याच्या गर्दीत उभे असताना ध्यानात आले.

घरी सांगितल्यावर संघमित्रा म्हणाली, "ठीक है, बाबा." शब्द तेच होते. या वेळी ती आत गेली नाही; मुलांच्या बसायच्या पट्ट्या शोधू लागली आणि नूतनला विचारू लागली की खडूचा डबा कोणी कुठे ठेवला.

रविवार, १ सप्टेंबर

उजाडताच विहारात. लांब चिमटा आणि झाकणाचा डबा घेऊन बदामाच्या खालच्या फांद्या पाहिल्या, पोपटी अळ्या पानासकट काढल्या, पडीक जागेत नेऊन सोडल्या. ओसरीच्या बाकाखाली एक तपकिरी, टणक, गोल वस्तू चिकटलेली होती. मी बी समजून बोट लावणार होतो. संघमित्राने हात धरला. तो त्याच अळीचा कोश होता आणि कोशालाही काटे असतात.

पहिल्या दिवशी तारा आणि आणखी दोघेच आले. बाकीच्या घरांत अजून भीती आहे. संघमित्राने तिघांना तितक्याच मोठ्या आवाजात शिकवले. मी भिंतीला टेकून बसलो होतो, डोळा लागला.

रविवार, ८ सप्टेंबर

झड लागली आहे. भिजत तपासणी केली. पायरीवरून घसरलो, पाठीत उसण भरली. आज ओसरी अर्धी भरली होती. संघमित्रा सारखी माझ्या मागे मागे होती: कोणत्या फांदीवर जास्त असतात, कोश कुठे चिकटतात, पान देठापाशी का तोडायचे. मी प्रत्येक प्रश्नाचे सविस्तर उत्तर दिले. तिने शेवटची फांदी स्वतः पाहिली. मी पुन्हा पाहिली. तिच्याकडून काही सुटले नव्हते.

शनिवार, १४ सप्टेंबर

संध्याकाळी संघमित्रा म्हणाली, "बाबा, कल से आप मत आना."

मी कारण विचारले.

"मैं देख लूँगी ना."

"जबाबदारी ठरावाने माझ्यावर आहे."

"तो लिख दो कि मुझे सौंप दी. भैय्याजी से बात हो गई मेरी."

भैय्याजींशी ती स्वतः जाऊन बोलली होती, एकटी. माझ्या तपासणीत काही त्रुटी आढळली काय, असे मी स्पष्ट विचारले. त्रुटी असल्यास ती कळणे माझा हक्क आहे.

"कुछ नहीं आढळली, बाबा. आप बस सो जाओ एक दिन."

आतून नूतनचे हसणे ऐकू आले. मी जबाबदारी हस्तांतरित केल्याचे दोन ओळींत लिहून सही करून दिले. तिने कागद न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकला. त्रुटी काय होती ते शेवटपर्यंत कळले नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

नेहमीच्या वेळी जाग आली. अंथरुणातच राहिलो. बाहेर संघमित्राची तयारी चालली होती. ती काहीतरी गुणगुणत होती, चाल ओळखीची नव्हती. मग फाटक वाजले.

खिडकीतून दारापुढच्या ओट्यावर चिमटा दिसला. ती विसरली होती. चिमट्याशिवाय पान तोडता येत नाही, आणि घाई केली तर हात पोळतो. ती अजून घरासमोरच असणार, हाक ऐकू गेली असती. मी उठून बसलो. नूतन शेजारी जागी होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी हाक मारली नाही. का मारली नाही, याचे समाधानकारक कारण मला देता येत नाही.

थोड्या वेळाने फाटक पुन्हा वाजले. भरभर पावले ओट्यापर्यंत आली आणि तशीच भरभर परत गेली. ओटा रिकामा होता. मी आडवा झालो आणि मला झोप लागली.